फितूर आणि कात्री

मराठीत विज्ञानकथेची परंपरा आता बरीच जुनी झाली. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने कथा पाठवली, त्या गोष्टीला अर्धशतक उलटून गेले. विज्ञान-युद्धपट मात्र आपल्याकडे निपजला नाही. आपला युद्धपट म्हणजे इतिहासपट. परग्रहावरील लढाई पाहताना पाश्चात्य प्रेक्षक ज्या उत्कंठेने खुर्चीच्या कडेवर येऊन बसतो, ती उत्कंठा आपण सह्याद्रीच्या घाटवाटांसाठी राखून ठेवलेली आहे. म्हणून ‘ड्यून’ आणि ‘छावा’ हे दोन चित्रपट आम्ही शेजारी शेजारी मांडून पाहिले, तर वाचकांनी त्यात वावगे मानू नये. एकाची कथा हजारो वर्षे पुढची, दुसऱ्याची सव्वातीनशे वर्षे मागची. पहिला आम्ही धारणीस वसतिगृहातील मोठ्या मुलांसोबत संगणकाच्या पडद्यावर, दोन रविवारी दोन भाग, असा पाहिला. दोन्ही मिळून वीज पाच वेळा गेली. दुसरा अमरावतीस धर्मप्रांताच्या कामासाठी गेलो असता चित्रपटगृहात पाहिला.

दोहोंत युद्धाचा निकाल घरातच लागतो, आणि तो लावणारा माणूस घरचाच असतो. आमच्या मनात जो प्रश्न घोळत राहिला तो या माणसाविषयीचा आहे. चित्रपट संकलित करताना कात्री कोठे फिरते? फितूर कोण होता हे सहसा कापले जात नाही. तो तसा का झाला, आणि त्याच्या पायी आणखी कोणाकोणावर संशयाची सावली पडली, ही उपकथानके मात्र आधी जातात.

‘ड्यून’ ही फ्रँक हर्बर्ट या अमेरिकन लेखकाची १९६५ साली ग्रंथरूपाने आलेली कादंबरी. अराकिस नावाचा वाळवंटी ग्रह, तेथेच सापडणारा एक अमूल्य ‘मसाला’ आणि त्याच्या मालकीवरून दोन घराण्यांत पेटलेले वैर, असा तिचा सांगाडा आहे. सम्राट हा ग्रह ड्यूक लेटोच्या स्वाधीन करतो आणि त्याच वेळी लेटोच्या वैऱ्यांना, हार्कोननांना, गुपचूप स्वतःचे सैन्य पुरवतो. पण राजवाड्याचे संरक्षण-कवच आतूनच उघडावे लागते. ते उघडतो राजवैद्य डॉक्टर युए. त्याच्या कपाळावर गोंदलेली चौकट ही त्याच्या निष्ठेची साम्राज्याने दिलेली हमी आहे. ती खूण असलेला वैद्य आपल्या आश्रयदात्याचा घात करूच शकत नाही, अशी सर्वांची श्रद्धा. हार्कोननांनी त्याची पत्नी धरून नेलेली असते. त्या एका दोरीने हा माणूस बांधला जातो.

हर्बर्टने आपला फितूर वाचकापासून लपवलेला नाही, ही त्याच्या रचनेतील सर्वात धाडसी गोष्ट. कथा अजून पुरती सुरूही झालेली नसते, तोच शत्रूच्या दालनातील बोलण्यातून युएचे नाव आपल्याला कळते. पुढे तो लहानग्या पॉलला पुस्तक देतो, त्याच्या प्रकृतीची चौकशी करतो, तेव्हा त्याच्या प्रत्येक प्रेमळ शब्दाने वाचकाच्या पोटात गोळा उठतो. ते प्रेम खोटे नाही हेही आपल्याला दिसत असते. वाड्यातील माणसांना मात्र एवढेच ठाऊक आहे की आपल्यात कोणीतरी फितूर आहे. शत्रू मुद्दाम एक बनावट पुरावा पेरतो आणि ड्यूकच्या पदरचा वृद्ध, चाणाक्ष हेरप्रमुख थुफिर हवात त्या पुराव्याच्या मागे लागून भलत्याच निष्कर्षावर येतो. त्याचा संशय ड्यूकची सहचरी जेसिका हिच्यावर बसतो. वाडा पडल्यावर तो शत्रूच्या हाती सापडतो, शत्रूची चाकरी करतो, आणि अखेरपर्यंत जवळजवळ त्याच समजुतीत जगतो. गर्नी हॅलेक हा दुसरा इमानी सेवक कित्येक दिवसांनी जेसिकाला भेटतो तो तिच्यावर सुरा धरूनच. कादंबरीत अशा रीतीने दोन घात आहेत. एक युएने केलेला. दुसरा निष्ठावंतांनी, निष्ठेपोटी, एका निरपराध स्त्रीचा केलेला. पहिल्याची शिक्षा युएला तात्काळ मिळते. दुसऱ्याची कोणालाच मिळत नाही.

डेनी व्हिलन्यूव या कॅनडाच्या दिग्दर्शकाने २०२१ आणि २०२४ साली या कादंबरीचे दोन भव्य चित्रपट केले. ते भव्य आहेत यात शंका नाही. वाळूचा असा आवाज आम्ही कोणत्याच चित्रपटात ऐकला नव्हता. आमची मुले, जी उन्हाळ्यात तापीचे कोरडे पात्र पाहतच वाढली आहेत, तीही गप्प झाली. पण दिग्दर्शकाने फितुराच्या बाबतीत हर्बर्टच्या उलट निर्णय घेतला. येथे युए शेवटपर्यंत झाकलेला आहे. चँग चेन हा नट थोडक्या प्रसंगांत त्याला एक शांत, खिन्न चेहरा देतो. पॉलला सावध करण्यासाठी तो चिनी भाषेत हलकेच बोलतो, तो क्षण आम्हास फार आवडला. कपाळावरची चौकटही आहे, पण तिचा अर्थ कोणी सांगत नाही. मग एका रात्री कवच उघडते, ड्यूक खाली कोसळतो, आणि आपल्याला कळते. धक्का बसतो खरा. दुसऱ्यांदा चित्रपट पाहताना मात्र आमच्या लक्षात आले की धक्क्याची किंमत आपण फार मोठी मोजली आहे. जेसिकावरील संशयाचे सारे उपकथानक गेले. ज्या मेजवानीत पाहुणे एकमेकांचे शब्द तोलून पाहतात ती मेजवानीही गेली. हवात पहिल्या भागात हल्ल्यानंतर दिसेनासा होतो आणि दुसऱ्या भागात त्याचे नावनिशाण नाही. त्याला वगळणे हा आपल्याला सर्वात जास्त वेदना देणाऱ्या निर्णयांपैकी एक होता, असे दिग्दर्शकाने स्वतः मुलाखतीत कबूल केले आहे. एकदा कापलेला प्रसंग मागाहून प्रेक्षकांना दाखवायचा नाही, असाही त्याचा बाणा आहे. बाण्याबद्दल आदर वाटतो. पण त्यामुळे हवात कायमचाच गेला.

याच कादंबरीवर डेव्हिड लिंच याने १९८४ साली चित्रपट केला होता. तो फसला, हे सर्वमान्य आहे. त्यात शत्रूच्या कैदेतील हवातला विषावरच्या उताऱ्यासाठी रोज एका मांजराचे दूध काढावे लागते. एवढ्या गंभीर माणसाची अशी शोभा कोणी कशासाठी करावी हे आम्हाला उमगलेले नाही. पुढे निर्मात्यांनी दूरचित्रवाणीसाठी त्या चित्रपटाची दुसरीच, लांबलचक आवृत्ती जुळवली. लिंचने आपले नाव काढून घेतले. दिग्दर्शक म्हणून एक प्रचलित खोटे नाव लागले आणि पटकथाकार म्हणून छापले गेले ‘ज्यूडास बूथ’. ज्यूडास म्हणजे आपल्या प्रभूला विकणारा शिष्य, आणि बूथ म्हणजे १८६५ साली राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना मागून गोळी घालणारा नट. फितुराची कथा सांगणाऱ्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीतच फितुराचे नाव आले. तो राग होता की विनोद, हे ज्याचे त्याने ठरवावे.

ज्यूडासचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट नमूद करू. चारही शुभवर्तमानकारांनी आपला फितूर लपवलेला नाही. बारा प्रेषितांची यादी देतानाच, कथेला अजून कोठे वळण लागलेले नसताना, मत्तय, मार्क आणि लूक त्याचे नाव सांगून मोकळे होतात. सेमिनरीत असताना आमच्या एका प्राध्यापकांनी याकडे लक्ष वेधले होते. ते म्हणत, लेखकाला येथे रहस्यकथा लिहायचीच नव्हती. शेवटच्या भोजनाच्या वेळी घात करणारा याच ताटात जेवतो आहे असे कळताच मत्तय आणि मार्क यांच्या वृत्तान्तातील शिष्य शेजाऱ्याकडे बोट दाखवत नाहीत. प्रत्येकजण तो मीच नाही ना, असे विचारू लागतो. हर्बर्ट काही धार्मिक लेखक नव्हे. तरीही नाव आधी सांगून टाकल्याने वाचकाची नजर ‘कोण’ वरून ‘कसे’ आणि ‘का’ यांच्याकडे वळते, हे मर्म त्यालाही गवसले होते.

आता आपल्या घरच्या चित्रपटाकडे वळू.

लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित ‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. शिवाजी सावंतांच्या १९७९ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. विकी कौशल यांचे संभाजीराजे आणि अक्षय खन्ना यांचा औरंगजेब यांविषयी इतके लिहून झाले आहे की आम्ही त्यात भर घालणार नाही. औरंगजेबाचे विणकाम करणारे संथ हात आम्हाला त्याच्या सैन्यापेक्षा अधिक भयंकर वाटले, एवढेच सांगतो. चित्रपटाचा आरंभ १६८१ मधील बऱ्हाणपूरच्या स्वारीने होतो आणि त्यामुळे आमच्या भागात त्याचे अगत्य विशेष. धारणीकराला अमरावतीपेक्षा बऱ्हाणपूर जवळ. तेथे आमच्या लोकांची सोयरीक आहे, बाजारहाट आहे, दवाखाना आहे. चित्रपटात बऱ्हाणपूरचे सोने पाहून मार्च २०२५ मध्ये असीरगडच्या परिसरातील लोक रात्री विजेऱ्या आणि धातुशोधक यंत्रे घेऊन शेते खणू लागले, हे वाचकांनी वृत्तपत्रांत वाचले असेलच. चित्रपटाचा परिणाम मोजण्याची ही नवी रीत म्हणावी लागेल. हसू येते, पण पडद्यावर दाखवलेली गोष्ट आपल्याकडे किती शब्दशः खरी मानली जाते, याचा हा पुरावाच आहे.

या चित्रपटावर पहिली कात्री चालली ती प्रदर्शनापूर्वी. जानेवारी २०२५ मध्ये झलक आली, तीत महाराज लेझीम खेळताना दिसले, आक्षेप उठले, आणि दिग्दर्शकाने तो प्रसंग काढून टाकला. लेझमीने कथेचे काही बिघडले नसते आणि ती काढल्यानेही काही बिघडले नाही. दुसरा आक्षेप प्रदर्शनानंतरचा. गणोजी आणि कान्होजी यांना फितूर दाखवल्याबद्दल शिर्के घराण्याच्या वंशजांनी अब्रुनुकसानीच्या दाव्याचा इशारा दिला. उतेकरांनी त्यांची क्षमा मागितली आणि स्पष्ट केले की चित्रपटात केवळ गणोजी व कान्होजी ही नावे आहेत. आडनाव किंवा गाव कोठेही घेतलेले नाही.

हे स्पष्टीकरण आम्ही पुनःपुन्हा वाचले. ते प्रामाणिक आहे, परंतु महाराष्ट्रात ते चालणारे नाही. गणोजी म्हटले की आडनाव प्रेक्षक स्वतः लावून घेतो. येसूबाईंचे माहेर कोणते हे येथे चौथीतील मुलाला ठाऊक असते. सूर्याजी पिसाळ हे नाव आपण शतकानुशतके शिवीसारखे वापरत आलो आहोत, आणि त्याच्यावरील आरोपाविषयी अभ्यासकांनी घेतलेल्या शंका अजून गावाच्या पारापर्यंत पोचलेल्या नाहीत. आडनाव कापले म्हणून कलंक कापला जात नाही. जे कापायला नको होते ते मात्र आधीच कापले गेले होते, आणि ते म्हणजे कारण.

पडद्यावरील या दोन बंधूंच्या मागे कारण म्हणून जे काही ठेवले आहे ते इतक्या घाईत येऊन जाते की शेवटी त्यांची कपटी नजर तेवढी लक्षात राहते. इतिहासातील कारण घाईत सांगण्यासारखे नाही. गणोजी हे येसूबाईंचे बंधू, आणि शिवाजी महाराजांच्या कन्या राजकुंवर त्यांना दिलेल्या. म्हणजे दोन्हींकडून सोयरे. दाभोळच्या वतनाचा प्रश्न या नात्यात प्रथमपासून सलत होता. वतने देऊ नयेत, रोख वेतन द्यावे, हे महाराजांचे धोरण. आणि वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख, ही देशमुखांची भावना. जेधे शकावलीत १६८८ च्या अखेरची नोंद आहे की शिर्क्यांनी कवी कलशावर चाल केली, कलश खेळण्यास पळाला, आणि राजांनी स्वतः येऊन शिर्क्यांचा मोड केला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, १ फेब्रुवारी १६८९ रोजी, संगमेश्वरी राजे शेख निजामाच्या हाती सापडले. ‘मआसिर-इ-आलमगिरी’ या मुघल ग्रंथातही शिर्क्यांशी झालेल्या या तंट्याचा उल्लेख आहे, आणि राजांचा ठावठिकाणा हेरांकडून कळला असे तो ग्रंथ सांगतो. वाट कोणी दाखवली याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही. नावे बदलतात, जाती बदलतात आणि प्रत्येक नावासरशी नवा कलह उभा राहतो. आम्ही त्या वादात निवाडा देणार नाही. तो आमचा अधिकार नव्हे. इतकेच म्हणतो की जेथे कागद गप्प आहे तेथे चित्रपट ठामपणे बोलला, आणि जेथे कागद बोलतो आहे तेथे चित्रपट गप्प राहिला.

यापुढची हकीकत तर चित्रपटाच्या कक्षेबाहेर पडते, कारण तो १६८९ च्या मार्चमध्ये संपतो. पण ती सांगितल्यावाचून हे कथानक पुरे होत नाही. १६९७ साली राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात अडकले होते. वेढा घालणाऱ्या मुघल फौजेत गणोजी शिर्केही होते. राजारामांना बाहेर काढण्यासाठी खंडो बल्लाळ चिटणीस त्यांना भेटले. गणोजींनी वतनाचा विषय काढला. खंडो बल्लाळांनी दाभोळच्या वतनावरील स्वतःचा हक्क त्यांना लिहून दिला, अशी परंपरा आहे, आणि गणोजींच्या साहाय्याने छत्रपती वेढ्यातून निसटले. ज्याला आपण मराठी राज्याचा फितूर म्हणून ओळखतो, त्याच माणसाने आठ वर्षांनंतर त्या राज्याचा छत्रपती वाचवला. वाचवला तोही फुकट नव्हे, वतन घेऊनच. हा प्रसंग पडद्यावर आला तर प्रेक्षक टाळी वाजवील की दात-ओठ खाईल, हे आम्हाला सांगता येणार नाही. आणि म्हणूनच तो पडद्यावर यायला हवा असे वाटते.

खंडो बल्लाळ या नावापाशीही थोडे थांबले पाहिजे. त्यांचे वडील बाळाजी आवजी यांना १६८१ मध्ये कटाच्या आरोपावरून अण्णाजी दत्तो प्रभृतींसोबत देहान्त शासन झाले, ते संभाजीराजांच्याच हुकमाने. फितुराचा मुलगा म्हणून खंडोजी आयुष्यातून उठायचे. त्याऐवजी ते राजांच्या चाकरीत राहिले. १६८३ च्या नोव्हेंबरात राजांनी गोव्यावर स्वारी केली, जुवे बेट घेतले, आणि भरतीच्या पाण्यात घोडा वाहू लागला तेव्हा बखरीच्या परंपरेप्रमाणे खंडोजींनीच उडी टाकून राजांना वाचवले. ज्याने बापाला मारले त्याचा जीव मुलाने वाचवला. याच मोहिमेत पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट दि आल्व्होर स्वतः जेमतेम बचावला आणि त्याने जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटीपाशी आपला अधिकारदंड ठेवून संतालाच गोव्याचे रक्षण करण्याची विनवणी केली, ही कथा आपल्या वाचकांस नवी नाही. ‘छावा’त गोव्याचा असा एकही प्रसंग आमच्या स्मरणात राहिलेला नाही. केवढे नाट्य या एका खाडीत होते!

वाचकांतील वसईकर आता थोडे अस्वस्थ झाले असतील. आम्हीही तेथलेच. वसईकडील एका शाळेत आम्ही पाचवी-सहावीत असताना १७३९ चा धडा आला. चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, येथपर्यंत आम्हीही इतरांसारखेच रोमांचित झालो होतो. मग गुरुजी पोर्तुगिजांविषयी बोलू लागले आणि वर्गातील वीस-पंचवीस माना आमच्याकडे वळल्या. कोणी काही बोलले नाही. आमच्या घरी सामवेदी बोलली जात होती, आजोबा केळीच्या बागेत राबत होते, आणि लिस्बन कोणत्या दिशेला आहे हे आम्हाला माहीत नव्हते. तरी त्या घटकेला आम्ही किल्ल्याच्या आत होतो आणि वर्ग बाहेर होता. थुफिर हवातच्या नजरेखाली जेसिकाला काय वाटले असेल, हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. म्हणूनच ते उपकथानक कापल्याचे दुःख आम्हाला इतरांपेक्षा जरा जास्त झाले असेल. टीकाकाराने आपला कल लपवू नये.

कात्री ही काही चित्रपटवाल्यांनीच शोधून काढलेली वस्तू नव्हे. संभाजीराजांच्या चरित्रावर ती दोनशे वर्षे चालत आलेली आहे. मल्हार रामराव चिटणीस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जी बखर लिहिली तीत राजे क्रूर आणि व्यसनी दिसतात. मल्हार रामराव हे त्याच चिटणीस घराण्यातले, हत्तीच्या पायी गेलेल्या पूर्वजाचे वंशज. त्यांना आपली जखम विसरता आली नाही. पुढच्या नाटककारांनी बखरीवर भिस्त ठेवली. गडकऱ्यांचे ‘राजसंन्यास’ १९१९ साली त्यांच्या मृत्यूमुळे अपुरेच राहिले, आणि त्यातील राजांच्या चित्रणाचा राग २०१७ साली पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांच्या पुतळ्यावर निघाला. वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षे साधने धुंडाळून १९६० साली चरित्र लिहिले, डॉ. कमल गोखले यांनी ते काम पुढे नेले, तेव्हा कोठे राजांचे कापलेले प्रसंग परत जोडले गेले. म्हणजे कथेतून कापलेल्या माणसाला न्याय मिळू शकतो हे आपण एकदा अनुभवले आहे. राजांना तो मिळाला. राजांच्या शत्रूंना आणि सोयऱ्यांना तो मागायचा की नाही, एवढाच प्रश्न आहे.

येथे आमच्या मेळघाटातील एक गोष्ट सांगावीशी वाटते. होळीनंतर येथील कोरकू बांधव मेघनाथाचा खांब पुजतात, त्याच्याभोवती यात्रा भरते. रामायण आपण सारेच सांगतो. घरभेद्याची उपमा द्यायची झाली की बिभीषणाचे नाव घेतो आणि पुन्हा त्यालाच भक्तही म्हणतो. पण ज्यांच्या अंगणात मेघनाथाचा खांब उभा आहे त्यांच्यापुढे बसून ही कथा सांगताना आवाज आपोआप खाली येतो. तेथे बिभीषण हा मेघनाथाचा सख्खा काका आहे, हे प्रथम आठवते.

आमच्या मतावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो हलका नाही. चित्रपटाला अडीच-पावणेतीन तास मिळतात. कादंबरीकाराला जितकी पाने हवीत तितकी मिळतात. सारी उपकथानके ठेवली तर चित्रपट कोसळेल. हे मान्य. लिंचचा चित्रपट काही अंशी अशा गर्दीनेच कोसळला. व्हिलन्यूवने एक धागा धरला म्हणून त्याचा चित्रपट उभा राहिला. पण युएला त्याने निदान एक वाक्य दिले आहे, पत्नीसाठी आपण हे केले असे तो मरणाऱ्या ड्यूकला सांगतो, आणि त्याच हाताने सूड घेण्याचे साधनही त्याच्या मुखात ठेवतो. तेवढ्या दोन मिनिटांत युए माणूस होतो. गणोजींना अशी दोन मिनिटे ‘छावा’त मिळाली असती, बहिणीसमोर उभे राहून एकदा मान खाली घालण्याइतकी, तर लांबी किती वाढली असती?

दुसरा आक्षेप अधिक खोल जाणारा आहे. फितुराचे कारण सांगणे म्हणजे त्याची तरफदारी करणे नव्हे काय? पापनिवेदनाच्या पेटीत तीस वर्षे बसल्यानंतर आमचा अनुभव असा की जो कारण नीट सांगू शकतो त्यालाच आपल्या कृत्याचे वजन कळलेले असते. कारण कळल्याने घात लहान होत नाही. युए निघून गेल्यावरही ड्यूक मेलाच, वाडा पडलाच. तुळापूरची ती चाळीस दिवसांची यातना कोणत्याही वतनाने तोलली जाणार नाही, आणि ती पाहून आम्हीही इतरांसारखेच डोळे पुसत बाहेर पडलो.

त्या चित्रपटगृहातून परतल्यावर सुमारे महिन्याने एक गृहस्थ आमच्याकडे आले. सरकारी नोकर, बदलीवर धारणीस आलेले, मूळचे कोकणातले. आपल्या धर्माचे नव्हेत, पण त्यांचा मुलगा संध्याकाळी आमच्या वाचनालयात येतो. आडनाव शिर्के. ते म्हणाले, “फादर, पोरगा शाळेत जायला तयार नाही. वर्गातली मुलं हजेरीच्या वेळी त्याच्या नावावर ‘गद्दार’ म्हणून ओरडतात. तुमच्याकडं पुस्तकं आहेत, तुम्ही त्याला काही सांगा.” शिक्षकांशी आम्ही बोललो. ओरडणे थांबले, निदान हजेरीच्या वेळचे.

मुलाला आम्ही जिंजीची गोष्ट सांगितली. वेढा, रात्र, दोन छावण्यांमधली बोलणी, खंडोजींनी पुढे केलेला कागद, सगळे रंगवून सांगितले. अकरा वर्षांचा मुलगा, त्याने नीट ऐकून घेतले. वाटले, काम झाले. मग त्याने विचारले, “फादर, कागद नसता दिला तर त्यांनी महाराजांना सोडलं असतं का?”

आम्ही गप्प राहिलो. तो थोडा वेळ थांबला, आणि बेंद्र्यांचे जाड पुस्तक कपाटातून काढून त्यातले नकाशे पाहत बसला.